चादरीचं दुसरं टोक

मास्तरांनी कुठल्याही शाळेत कधी शिकवलं नव्हतं. ऑफिसात कुणी काहीही लिहून आणलं की ते लाल पेनने त्यातल्या चुका काढत. म्हणून मास्तर. त्यांची बायको मग आपोआप मास्तरीणबाई झाली. ती बावीस वर्षं हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत होती. हे नाव तिच्या कानावर आलं तेव्हा ती म्हणाली, "बरंय. शाळा अर्धी राहिली होती, ती अशी भरून निघाली."

ऑफिस व्हिडिओ गेम तयार करायचं. फर्निचरच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. मास्तर तिथे अकरा वर्षं साइड क्वेस्ट लिहीत होते. तलवार घेऊन जग वाचवायला निघालेल्या वीराला वाटेत कुणीतरी अडवतं आणि म्हणतं, माझी बकरी हरवली आहे, तेवढी शोधून दे. ते म्हणजे साइड क्वेस्ट. मास्तरांनी त्याला आपला शब्द दिला होता, आडकाम. मुख्य कथा दुसरे लिहीत. तिच्यात राजे मरत, शहरं जळत. मास्तरांच्या वाट्याला बकऱ्या.

"लोक जग सोडून बकरीमागे का जातात, सांग," त्यांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत चिवटला विचारलं. चिवट ही टेस्टर. तिशीची बाई. एकच दार तीनशे वेळा उघडून बघायची आणि ते तीनशे एकाव्या वेळी अडकतं हे शोधून काढायची.

"बक्षीस मिळतं म्हणून," चिवट म्हणाली.

"काय बक्षीस मिळतं?"

"तुमच्या आडकामात? एकदा जुनी टोपी मिळाली. एकदा तर नुसतं 'बरं झालं आलास'."

"तरी केलंस ना?"

"मास्तर, मला पगार मिळतो त्याचा."

"पण ती टोपी अजून घालून फिरतेस खेळात. मी पाहिलंय."

चिवटने डब्याचं झाकण लावलं. "ऊन लागतं हो तिथे," ती म्हणाली.

मास्तर हसले नाहीत. या विषयावर ते हसत नसत. "जग वाचवायला नाही म्हणता येत नाही," ते म्हणाले. "नाही म्हटलं तर खेळच अडला. बकरीला नाही म्हणता येतं. कुणी रागवत नाही, काही बिघडत नाही. म्हणून हो म्हणण्याला चव असते. आणि वाटेत आपल्या आपण सापडलं पाहिजे. कुणी बोट दाखवलं की संपलं."

"आणि ते दहा लांडगे मारून आण, ते काय?"

"ती हमाली. ते आडकाम नव्हे."

"लिहिता तर तुम्हीच."

"लिहितो. खेळ मोठा दिसायला हवा ना."

त्याच वर्षी मास्तरीणबाईच्या हातातून कप पडायला लागले. आधी कप, मग किल्ल्या. डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला. आधी हात जातील, मग दंड, मग गिळणं, मग श्वास. औषध त्याला नव्हतं. डॉक्टर चांगले होते. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही.

घरात दर रविवारी चादरी पिळायचा रिवाज होता. घरी मशीन होतं, पण पिळण्याच्या बाबतीत मास्तरीणबाईचा मशीनवर काडीचा विश्वास नव्हता. गॅलरीत एक टोक तिच्या हातात, एक मास्तरांच्या. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मास्तरांनी मन लावून पिळायला सुरुवात केली आणि चादर नुसती गोल गोल फिरायला लागली. पाणी निघेना. मास्तरांनी आणखी जोर लावला. मास्तरीणबाई हसून हसून खाली बसली. समोरासमोर उभं राहिलं की समोरच्याची उजवी ती आपली डावी, हे लॉन्ड्रीत पहिल्या दिवशी शिकवतात. आपल्याला उलटं फिरवायचं असतं. मास्तरांना तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती आणि हे माहीत नव्हतं.

आता तिच्या बोटांत चादर राहत नसे. मास्तर ओल्याच चादरी दोरीवर टाकत. खालच्या मजल्यावरून निरोप यायचा की आमच्या कुंड्यांत साबणाचं पाणी गळतंय.

त्या महिन्यात नव्या खेळाचं काम सुरू होतं. मास्तरांनी एक आडकाम लिहिलं. नदीच्या पायऱ्यांवर एक बाई चादरी धुते. या खेळात ज्याचं काही काम असेल त्याच्या डोक्यावर पिवळा ठिपका दिसे, नकाशावरही दिसे. या बाईच्या डोक्यावर ठिपका नव्हता. ती हाकही मारत नसे. वीर तिच्याजवळ येऊन दहा सेकंद नुसता उभा राहिला, तरच ती वर बघे आणि म्हणे, "उभाच आहेस तर हे टोक धर." मग पिळायचं. जवळजवळ प्रत्येक जण तिच्याच दिशेने फिरवणार, चादर गोल फिरणार आणि बाई हसणार. "तुमच्याकडे चादरी नसतात वाटतं?" मग वीराला आपलं आपण कळायचं. तीन चादरी. मधे मधे ती चार गोष्टी बोले. शेवटी म्हणे, "जा आता, तुझं काहीतरी मोठं काम अडलं असेल." बक्षीस काही नाही.

चिवटने ते तपासायला घेतलं. अर्ध्या दिवसाचं काम, तिने दोन दिवस लावले. बाईचं हसू चार प्रकारचं होतं, ते चारही ऐकायला तिने अकरा वेळा मुद्दाम चुकीचं पिळलं. संध्याकाळी ती मास्तरांच्या टेबलाशी आली. "यात चूक सापडत नाहीये," ती म्हणाली. "उद्या परत शोधते."

मास्तरांनी घरी सांगितलं.

"म्हणजे मला खेळात घातलंत?" मास्तरीणबाई म्हणाली.

"तुला कुठे? चादर घातली."

"दिसायला कशी आहे बाई?"

"तुझ्यापेक्षा बरी."

"मग मी नव्हे ती." थोड्या वेळाने ती म्हणाली, "बघायचीय मला. तुमची सगळी हयात बकऱ्या शोधण्यात गेली. एकदा तरी बघू द्या काय करता ते. मी पिळीन तिच्याबरोबर."

कच्चा खेळ ऑफिसबाहेर नेता येत नसे. नियम कडक होता. खेळ दुकानात यायला वर्ष होतं. मास्तर तिच्या बोटांकडे बघत आणि मनात महिने मोजत. खेळ यावा, त्यात ती बाई असावी, आणि तोवर मास्तरीणबाईच्या एखाद्या तरी बोटाला बटण दाबता यावं. एवढंच त्यांना हवं होतं. अकरा वर्षांत त्यांनी ऑफिसकडे दुसरं काही मागितलं नव्हतं.

मग चाचणी झाली. बाहेरच्या चार हजार लोकांना खेळ खेळायला दिला. कोण कुठे गेलं, किती वेळ थांबलं, सगळं नोंदलं जात होतं. साहेबांनी मीटिंगमध्ये भिंतीवर नकाशा लावला. साहेब मास्तरांहून वीस वर्षांनी लहान. माणूस सरळ. लोक जिथे गेले तिथे लाल रंग, जिथे फिरकले नाहीत तिथे निळा. नदीच्या पायऱ्या गडद निळ्या होत्या.

"चार हजारांत एकोणीस जण थांबले," साहेब म्हणाले. "सात जणांनी पूर्ण केलं. मास्तर, मी काय करू, तुम्हीच सांगा."

"ते सापडायलाच अवघड ठेवलंय."

"हो, पण त्यावर तिघांची दोन-दोन महिन्यांची मेहनत आहे. त्या चादरीचं पाणी दाखवण्यात एकाच्या नाकी नऊ आले. आणि बघितलं सात जणांनी. ठिपका लावा. नाहीतर काढावं लागेल."

"ठिपका लावला तर ते काम होईल."

"कामच आहे ना ते?"

मास्तरांनी विचार करायला वेळ मागितला. शुक्रवारपर्यंत मुदत मिळाली.

चिवटने त्यांना जिन्यात गाठलं. "लावा हो. तत्त्व घेऊन बसू नका."

"तूच सांग. ठिपका असता तर तू अकरा वेळा चुकली असतीस?"

"नसते. पण काढून टाकलं तर एकदाही नाही."

घरी सगळे आकडे ऐकून मास्तरीणबाई तेच म्हणाली, तिच्या पद्धतीने. "लावा की. डोक्यावर ठिपका आला म्हणून चादर कमी ओली होणार आहे का?" ती खुर्चीत बसली होती. उजवा हात मांडीवर, तळवा वर. तो आता तिथेच असे. मास्तरांनी शुक्रवारी ठिपका लावला.

साहेबांनी आपल्याकडून मदत केली. लोकांना अडचण नको म्हणून पडद्यावर एक सूचना टाकली: बाई फिरवते त्याच्या उलट दिशेने फिरवा. मास्तरांनी लाल पेनने त्या वाक्यातली चूक सुधारली. वाक्य काढायला सांगितलं नाही.

दुसरी चाचणी झाली. पायऱ्या लालभडक. एकतीसशे लोकांनी आडकाम पूर्ण केलं. साहेबांनी मास्तरांचा खांदा थोपटला. मग लोकांनी भरलेले फॉर्म आले. साठ आडकामांत चादरीचा नंबर शेवटून दुसरा. शेरे एका ओळीचे. कंटाळवाणं. वेळ फुकट. बक्षीस कुठे आहे.

चिवटने मास्तरांना काही चित्रीकरणं दाखवली. वीर नकाशा बघत पळत येई. ठिपक्यासमोर थांबे. बाईचं वाक्य पुरं व्हायच्या आत बटण दाबून पुढे. पहिल्याच झटक्याला बरोबर दिशेने पिळे. तीन चादरी, पन्नास सेकंद. बाई एकदाही हसत नव्हती. हसायला कुणी चुकतच नव्हतं.

"हे बंद कर," मास्तर म्हणाले.

सोमवारी आडकाम काढलं. साहेब स्वतः सांगायला आले. आकडे समोर होते. वाद घालायला जागा नव्हती. आधी लोक आले नाहीत म्हणून, आता आले आणि आवडलं नाही म्हणून. मास्तरांनी मान हलवली. ठिपका आपणच लावला होता, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"बाई तिथेच ठेवलीय," चिवट नंतर म्हणाली. "काढली तर पायऱ्या रिकाम्या दिसतात. फक्त ती बोलणार नाही. शोभेची."

त्या संध्याकाळी मास्तर घरी सांगणार होते. पण त्याच दिवशी मास्तरीणबाईला पाणी गिळताना पहिल्यांदा ठसका लागला. तो बराच वेळ थांबेना. थांबल्यावर तिने विचारलं, "काय म्हणतेय आपली बाई?"

"ठीक आहे," मास्तर म्हणाले.

एकदा म्हटलं की पुढचं सोपं जातं. ती विचारी, ते सांगत. तिचा पदर आता निळा केला. आवाज जरा जाड ठेवला. मास्तर घरी बसून ते आडकाम रोज थोडं थोडं नव्याने लिहीत होते, तोंडाने. आठ महिने.

खेळ आला. रविवारी सकाळी मास्तरांनी तो टीव्हीला जोडला. जोडताना केबल दोनदा चुकीच्या भोकात घातली. मास्तरीणबाईच्या डाव्या अंगठ्यात अजून जीव होता. त्यांनी खेळाचा रिमोट तिच्या मांडीवर उशी ठेवून त्यावर टेकवला. ती वीराला चालवायला लागली. वीर भिंतींवर आपटत, मागे जात, एकाच झाडाभोवती फिरत निघाला. वाटेत एकाने तिला दहा लांडगे मारायला सांगितलं.

"हे तुमचंच का?"

"हो."

"याला म्हणावं, तूच मार."

नदीपर्यंत यायला तासभर लागला. तिने मधे विश्रांती घेतली नाही. पायऱ्यांवर बाई होती. हातात चादर. एकटीच पिळत होती, तेच ते, पुन्हा पुन्हा. मास्तरीणबाईने वीराला तिच्याशेजारी नेऊन उभं केलं आणि अंगठा उचलला.

"आता दहा सेकंद ना?"

"हो."

ती थांबली. पडद्यावर पाणी वाहत होतं. मास्तरांना वाटलं आता सांगावं. दहा सेकंद गेले. वीस गेले.

"लाजते वाटतं," मास्तरीणबाई म्हणाली.

"थांब थोडं."

ती थांबली. मिनिट झालं असेल. तिने मास्तरांकडे पाहिलं नाही. पडद्याकडेच बघत तिने विचारलं, "कधी काढलं?"

"आठ महिने झाले."

तिचा श्वास ऐकू येत होता. आता तो नेहमीच ऐकू यायचा. वीर पायऱ्यांवर उभा होता. मास्तरांनी रिमोट उचलायला हात पुढे केला, तिने मानेनेच नको म्हटलं.

"पदर निळा तरी केला होता का?"

"नाही."

"आणि ते एकोणीस जण? थांबले होते ते. त्यांना आवडलं होतं का?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. पहिल्या चाचणीत फक्त मोजणी होती. कोण किती वेळ कुठे होतं, तेवढीच. फॉर्म दुसऱ्या वेळी आले.

"त्यांना कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले.