भोगाच्या दगडावरचं पाखरू

ओसरी अर्धी सारवून झाली होती आणि शेणाचं पोतेरं हातात तसंच धरून कमलीबाई रस्त्याकडं बघत बसली होती.

"काहून थांबली वो?" धाकटी जाऊ गोमतीबाई म्हणाली. "पाहुणीनं पाय कुठं ठेवावा मंग?"

"पाहुणी कायची? भांडाले येऊन राह्यली ते."

तीन वर्षांमागं कमलीबाई नवऱ्यासोबत, धरमसिंगसोबत, अरुणाचलात रस्त्याच्या कामाला गेली होती. पोहरादेवीजवळच्या तांड्यातली सतरा माणसं. साऱ्यांची चूल तिच्याकडं. धुकं असं, की लाकूड पेटता पेटता दुपार व्हायची. वरच्या जंगलात रेणू तंबू टाकून पाखरांचा अभ्यास करायची. वाशीमचीच पोरगी; परमुलखात आपली बोली ऐकली, की भाकरी खायला धावत यायची. तिला एका पाखराचा नुसता आवाज ठाऊक होता. बांबूच्या दाटीत ते शीळ घालायचं, दिसायचं मात्र नाही. म्हणून ते येऊन बसावं असा एक सपाट दगड तिनं झाडून-पुसून ठेवला आणि समोरच्या झुडपात कॅमेरा लपवला.

एका पौर्णिमेला कमलीबाईनं चुलीतल्या विस्तवावर लापशीचा भोग, देवाचा नैवेद्य, दिला. मग चिमूटभर लापशी साऱ्या जिवांच्या नावानं बाहेर ठेवायची, ही तिच्या सासूची रीत. लाकडं आणायला गेली, तर जंगलात तो लख्ख दगड दिसला. कोणीतरी देवासाठीच जागा केली म्हणायची! तिनं लापशी तिथं ठेवली, हात जोडले आणि लाकडं घेऊन परतली.

दुसऱ्या दिवशी दगडावर मुंग्याच मुंग्या. रेणू कडाडली, "मावशी, महिन्याची मेहनत मातीत घातलीत!"

त्याच संध्याकाळी टोळी गावाकडं निघाली. माफी मागायची राहिली, ती राहिलीच. देवाच्या नावानं आपण एका लेकीचं काम नासवलं, हे कमलीबाईच्या जिवाला लागून राहिलं. आणि काल रेणूचा फोन आला: "त्या दगडाचंच काम आहे, मावशी. उद्या येते."

ऑटो दारात थांबला. शेणाच्या हातांनीच कमलीबाई पुढं झाली. "बाई, चुकलं वो माह्यं—"

रेणूनं पिशवीतून एक मोठा फोटो काढला. दगडावर तपकिरी, चिमुकलं पाखरू. पांढरी भुवई, चोचीत मुंगी.

"मुंग्या टिपायला आलं, मावशी. तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी. हा त्याचा पहिला फोटो. मग आवाज तपासला, पिसं तपासली, आणि आता ठरलं. ही जात आजवर कोणाच्याच यादीत नव्हती."

"म्हंजे, म्या नासोलं नाही?"

"तुम्ही नसतात, तर मी अजून शीळच ऐकत बसले असते!"

कमलीबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि पदराआडूनच हसू लागली.

गोमतीबाई फोटोत डोकावली. "इत्तुसंच? मले वाटलं मोरावाणी असंन. अन् लापशीले त शिवलंही नाही!"

"तुयासारखंच हाय," घरातून बाहेर येत धरमसिंग म्हणाला. "समोरचं गोड सोडून मुंग्या काढत बसते."

रेणूनं सोबत आणलेल्या अहवालात शेवटी आभार होते. त्यात कमलीबाईचं नाव छापलेलं. तिनं ते नवऱ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

"आज जेवल्याबिगर जाऊ देत नाही," ती रेणूला म्हणाली. "काय करू, सांग."

"झणझणीत ठेचा, मावशी. तुमच्या हातचा खाऊन तीन वर्षं झाली."

घरात मिरची नव्हती. हात धुऊन कमलीबाई शेजारच्या रुपाबाईच्या वावरातून हिरव्या मिरच्या आणायला निघाली.