शिवेवरची फियाट

गावाची शीव आली की तो फियाटचं इंजिन बंद करायचा. वरातीवरून नारळ ओवाळून फोडेपर्यंत थांबायचं, ही आमच्याकडची रीतच. पण ह्याची त्यापुढे स्वतःची एक रीत होती. सीटच्या पाठीवर कोपर टेकून तो मागे वळायचा आणि रडून डोळे सुजलेल्या नवरीला विचारायचा, "बोल गो पोरी, मागं फिरवू काय गाडी?"

सगळे हसायचे. नवरीही पदराआड हसायची. मग स्वारी खुशीत इंजिन सुरू करायची.

माझं शहापुरात गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान. त्याच्या फियाटचं रेक्झिन बदलता बदलता आमची दोस्ती झाली. तुमच्यापैकी ज्यांचे केस पिकलेत त्यांनी ती गाडी पाहिली असेल. पुढे नाक काढलेलं, म्हणून लोक तिला डुक्कर फियाट म्हणत. पुढची दारं उलटी उघडायची. गिअर स्टिअरिंगजवळ, त्यामुळे पुढे तिघं आरामात बसत. पुढे ह्याच गाडीची नवी रूपं आली, दारं सरळ झाली, मुंबईत तिच्या टॅक्सी झाल्या आणि त्याही बंद झाल्या. ह्याने मात्र कल्याणच्या एका डॉक्टरकडून घेतलेली जुनी सोडली नाही.

कुणी डुक्कर म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. "इटलीची हाय ती. तिकडं बायकापोरांना फिरवायला केलेली, हिकडं तुमच्या लेकी सासरी पोचवते. नीट नाव घ्या."

सापगावच्या एका लग्नात मी मुलीकडचा म्हणून पुढे बसलो होतो. वरात मुरबाडकडे निघाली. नवरदेव प्यायलेला होता. शिवेवर नारळ फुटला, हा नेहमीसारखा मागे वळला आणि नेहमीचं विचारलं.

"फिरवा, काका," ती म्हणाली.

मीही वळून पाहिलं. नवऱ्याने तिचं मनगट धरून ठेवलं होतं. हिरव्या चुड्याचे तुकडे मांडीवर पडलेले, आणि शालूला रक्त लागलेलं.

त्यानेही ते पाहिलं. मग नवरदेवाला म्हणाला, "तुमी उतरा." नवरदेव मस्करी समजून हसत हसत उतरला. ह्याने गाडी वळवली. मागे वऱ्हाडाचा टेम्पो नुसता हॉर्न वाजवत राहिला.

मांडवात अजून पंगत चालू होती. मुलीचा बाप धावत आला. "कुणी सांगितला तुला हा शहाणपणा?"

"पोरीनं सांगितला. घरात घेत आसाल तर उतरवतो. नाय तर माझ्या घरी नेतो."

बापाने दाराला हात लावला नाही. शेवटी तिची आई उष्ट्या पत्रावळी टाकून आली आणि तिनेच गाडीचं दार उघडलं. ती मुलगी पुढे अंगणवाडीत लागली, स्वतःच्या पायावर उभी राहिली.

ह्याची लग्नाची गिऱ्हाइकं मात्र गेली. त्या गाडीत नवरी बसवू नका, परत येते, असं लोक बोलायला लागले. तो आजाऱ्यांना दवाखान्यात न्यायचा, आसनगाव स्टेशनची भाडी मारायचा. धंदा बुडाल्याने माणूस खचला, असं मला वाटायचं. एकदा दुकानात बसल्या बसल्या तो म्हणाला, "आधीच्या पोरींचं काय रे?"

"कुठल्या पोरींचं?"

"मी हसत इचारायचो म्हणून त्या हसायच्या. बाजूला नवरा बसलेला. त्यातल्या कुणाला खरंच फिरायचं आसलं तर?"

मला त्याची दया आली, आणि त्याच्या जागी मी नाही ह्याचं बरंही वाटलं.

तेव्हापासून त्याने नवाच नाद लावून घेतला. सवड मिळाली की फियाट काढायची आणि शहापूर-मुरबाडच्या गावांत एकेका जुन्या नवरीच्या दारात थांबून पाणी मागायचं. बहुतेकजणींना आनंद व्हायचा. ह्याच गाडीतून मी आले, म्हणून त्या पोरांना बोलावून दाखवायच्या. आल्यावर तो मला सांगायचा, "सुखात हाय." कधी काहीच सांगायचा नाही आणि मीही खोदून विचारायचो नाही.

गेल्या थंडीत गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून त्याने मला सोबत नेलं. मुरबाडच्या पुढच्या एका गावात पिकल्या केसांची बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. ओटीवरून नवरा खेकसला, "कोण हाय गो?" तिने तांब्या पुढे केला.

पाणी पिऊन हा हळूच म्हणाला, "पोरी, तवा मी मस्करीत इचारलं व्हतं. चुकलं माझं."

ती मागच्या सीटवर जाऊन बसली. तो पुढे बसला. मी वालाच्या शेंगा बघत बांधावर उभा राहिलो. ओटीवरून पुन्हा हाक आली तशी ती उतरली.

"आता नातवंडं झाली, काका," ती म्हणाली आणि आत गेली.

येताना गाडी मी चालवली. तो रस्ताभर रडत होता.

होळीच्या आधी तो गेला. फियाट त्याच्या मुलाने अंगणात ताडपत्रीखाली ठेवली आहे.

परवा एक म्हातारी त्याचा पत्ता विचारत माझ्या दुकानात आली. तो गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. सांगितलं तेव्हा ती पायरीवरच थांबली.

"काका सगळ्या पोरींकडं जाऊन आले म्हणत्यात," ती म्हणाली. "माझ्याकडं यायचे ऱ्हायले. मी वाट बघत व्हते."

मी तिला बसायला स्टूल दिलं.