शेळी घरी पोचेपर्यंत

आमच्या मावसोबांइतका मन लावून उशीर करणारा माणूस भोर संस्थानात दुसरा झाला नसेल. आळशी माणसाचा उशीर निराळा, तो कुणालाही जमतो. मावसोबांचा उशीर कष्टाचा असे. ते शाळेत ड्रॉइंगमास्तर होते, आणि वाटेत एखादी म्हैस मनासारखी उभी दिसली की छत्री काखोटीला मारून तिच्यापुढे ठाण मांडत. एका बाजारच्या दिवशी ते असे इतका वेळ उभे राहिले, की म्हशीच्या मालकाने आपणहून किंमत उतरवली. "मला घ्यायची नाही हो, तिचा गुडघा बघतोय," मावसोबा म्हणाले. मालकाने म्हैस घाईघाईने दुसरीकडे नेऊन बांधली. मी शिकायला मावशीकडे राहत होतो आणि शाळेत त्यांच्याच बरोबर निघायचो. शाळेची घंटा आम्हाला बहुधा वाटेतच ऐकू यायची. मला छडी बसे, आणि हेडमास्तर त्यांच्याकडे नुसते चष्म्यावरून बघत.

त्यांची एकुलती एक मुलगी ठकू चार वर्षांची असताना जेवायला फार छळायची. तिच्या पोटात चार घास जावेत म्हणून मावसोबांनी गोष्टीत एक शेळी हरवली. वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावरची ही शेळी कळपातून चुकते आणि भेटेल त्याला विचारत सुटते, "माझं घर कुठं?" ओढ्याला विचारते, कावळ्याला विचारते, कापूरहोळच्या फाट्यावर मोटारीच्या ड्रायव्हरलाही विचारते. भात संपला की शेळी घरी. एक दिवस ठकूने तोंडातला घास तसाच ठेवून विचारलं, "बाबा, ती दिसते कशी?" झालं! मावसोबांनी तिथेच ठरवलं, या शेळीचं पुस्तक करायचं. पानापानावर रंगीत चित्र, खाली एक ओळ, आणि तेही चांगलं छापून. "पुढच्या वाढदिवसाला तुझ्या हातात," असं त्यांनी तिला वचन दिलं. मावशी नुसती हसली.

पहिली अडचण शेळीचीच आली. मनाने काढलेली शेळी मावसोबांना कुत्र्यासारखी वाटू लागली, म्हणून ते खरी शेळी बघायला वेल्ह्याच्या डोंगरात गेले. हातात कागद-पेन्सिल घेतलेला टोपीवाला चढ चढताना दिसताच धनगरांनी सगळी शेरडं मागच्या रानात हाकलली. चराईचा कर बसवायला सरकारी माणूस आला, असा त्यांचा समज! मावसोबा रिकाम्या वस्तीचंच चित्र काढत बसले. शेवटी एका म्हातारीला राहवेना.

"काय लिवताय वो एवढं?"

"शेळीचं चित्र काढायचंय, आजी. मुलीला दाखवायला."

"मंग आदी न्हाई का सांगायचं! आमी म्हनलं, शेरडं मोजाया आला." तिने एक शेळी आणून उभी केली, पण अगोदर तिच्या कपाळाला काजळाचं बोट लावलं. "चित्तर काढल्याव दिष्ट लागती," म्हणाली. मावसोबांनी ते काजळही चित्रात घेतलं. सगळ्या पुस्तकभर ती शेळी तीट लावूनच हिंडते.

मग वर्षं जाऊ लागली. सारोळ्याच्या पुलावरून शेळी खाली वाकून बघते, या एका पानासाठी मावसोबांनी नीरा नदी किती वेळा रंगवली याला गणती नाही. पाणी हिरवं झालं, मातकट झालं, पुन्हा हिरवं झालं. तयार झालेलं प्रत्येक पान ते आधी ठकूला दाखवत. सुरुवातीला ती टाळ्या पिटायची. मग चुका काढू लागली. पुढे परकराची पाचवारी झाली, तेव्हा "छान आहे, बाबा" म्हणून पुन्हा भाजी चिरायला लागायची. मधे लढाई सुरू झाली आणि कागद मिळेनासा झाला. मावशीने एकदा वैतागून म्हटलं, "तुमची शेळी घरी पोचायच्या आत पोरगी सासरी पोचेल!" तेव्हापासून मावसोबांचा हात जरा चटचट चालू लागला.

ठकूचं लग्न ठरलं आणि मावसोबांनी कमरच कसली. लग्नाच्या आत पुस्तक तिच्या हातात द्यायचंच. पुण्याच्या एका शिळाछापखान्यात त्यांनी काम ठरवलं. तिथे चित्र दगडावर काढायचं आणि त्याचा ठसा कागदावर घ्यायचा अशी रीत. छापखान्यात त्या कामाला माणूस होता, पण आपली शेळी परक्याच्या हाती देतील तर ते मावसोबा कसले! स्वतःच दगड पुढ्यात घेऊन बसले. ठशात सगळं उलटं उमटतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून अक्षरं आठवणीने उलटी काढली. आणि चित्रं मात्र सुलटी! पहिला कागद निघाला तेव्हा अक्षरं चोख, आणि गावच्या गाव डावखुरं. शेवटच्या पानावर शेळी घरी येते आणि वस्तीवरची छोटी मुलगी तिला भाकरी भरवते, तीही डाव्या हाताने.

मालक म्हणाले, "मास्तर, शेळीला काय कळतंय डावं-उजवं?"

"शेळीला नसेल कळत. डाव्या हाताने कुणाला खायला घालू नये, हे मी ठकूला शिकवलंय."

दगड घासून कोरे केले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. शेळी कापूरहोळच्या फाट्यापर्यंत आली असताना इकडे ठकूचं लग्न लागलं.

पुस्तक झालं तेव्हा ते देखणं झालं होतं, यात वादच नाही. ठकूचं सासर वेल्ह्याच्या अलीकडे एका गावात होतं. पहिली प्रत घेऊन मावसोबा निघाले आणि मलाही बरोबर घेतलं. ठकू पदर सावरत ओसरीवर आली, खांबाशी उभी राहूनच पानं उलटू लागली. मावसोबा तिच्या तोंडाकडे असे बघत होते, की मलाच अवघडल्यासारखं झालं. एकच पान उरलं होतं. इतक्यात आतून सासूबाईंची हाक आली, "सूनबाई, दूध बघ!" ठकूने पुस्तक मिटलं आणि ती आत गेली.

थोडं थांबलो असतो तर ती परत आलीही असती. पण जेवणाची पानं मांडायची वेळ झाली होती. व्याही आग्रह करायला लागले, आणि नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही हा आमच्याकडचा रिवाज. न जेवता ताटांपुढे बसून राहायचं तरी कसं? मावसोबा उठले. वाटेत एवढंच म्हणाले, "शेवटचं राहिलं तिचं." घरी मावशीने विचारलं, आवडलं का? तर म्हणाले, "मोठी झाली गं ती आता." पुढे त्यांनी दुसरं पुस्तक काढायला घेतलं नाही.

मावसोबा गेल्यावर पुष्कळ वर्षांनी मी ठकूला ते पान विचारलं. ती म्हणाली, "हाक आली म्हणून सुटले रे. शेळी घरी पोचते हे मला ठाऊक नव्हतं का? सासूबाईंच्या घरात उभी राहून ते पान उघडलं असतं तर मला रडू आवरलं नसतं. बाबांना वाटलं असतं, पोर इथे सुखात नाही."

हे त्यांना कळायला हवं होतं. पुस्तक मुलीला आवडलं नाही, असंच समजून ते गेले.