बनाबाईची नखी

काचेच्या पेटीत लाल मखमल, मखमलीवर एक आखूड लोखंडी नळी, आणि खाली छापील पाटी: 'वाघनखाचा प्रकार. अंदाजे तीनशे वर्षांपूर्वीचे शस्त्र. सौजन्य: हिंदुराव व परिवार.'

कुशाबाईंनी अक्षर अक्षर जुळवत पाटी वाचली, आणि त्यांचं डोकंच भणाणलं.

"कुणी लिवलं ह्ये?"

निमगाव केतकीच्या शाळेतल्या त्या दालनाचं उद्घाटन थोड्या वेळात होणार होतं. हार, नारळ, खुर्च्या सगळं मांडून झालेलं. निरवांगीहून सकाळच्या एसटीनं आलेल्या आपल्या थोरल्या बहिणीचा आवाज ऐकून हिंदुराव लगबगीनं पुढं आले.

"अक्का, हळू. पाव्हणं येत्याल आता."

"येऊ देत. वाघनख म्हणं! अरं, आईची नखी हाय ती. पानं खुडायची. तुला ठावं न्हाय व्हय?"

ठाऊक होतं. गावातल्या साठीपुढच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पानमळ्यात विड्याच्या पानाचा देठ बोटांनी तोडला तर वेलीला हिसका बसतो, म्हणून अंगठ्यात धारेची नखी घालून खुडायचं. एकेकाळी इथं घरटी अशा दोन-दोन नख्या खुंटीला असत. पण त्या पुरुषांच्या. ही लहान होती, बाईच्या अंगठ्याची. सगळी गोम तिथंच होती.

पानमळ्यात पायताण घालून जायचं नाही, आणि बाईनं तर अडचणीच्या दिवसांत बांधावरसुद्धा उभं राहायचं नाही, अशी रीत. कुशाबाईंच्या वडिलांचा उजवा अंगठा गुऱ्हाळाच्या चरकात गेला, आणि खुडायला घरात दुसरं कुणी उरलं नाही. पानं कुणासाठी थांबत नाहीत. तेव्हा त्यांच्या आईनं, बनाबाईंनी, नवऱ्याचा पटका डोक्याला गुंडाळला, भल्या पहाटे मळ्यात शिरल्या आणि खुडायला लागल्या. महिन्याचे सगळे दिवस. कुशाबाई पानांची पाटी धरून मागं असायच्या, परकराचा ओचा खोचून. धाकटा हिंदुराव बांधावर झोळीत.

मग एका वर्षी कालव्याचं पाणी मळ्यात साचलं, मुळ्या कुजल्या आणि वेली उभ्या उभ्या वाळल्या. गाव म्हणालं, बाईनं मळा बाटवला. वडिलांना खरं कारण माहीत होतं. ते खाली मान घालून बसले. बनाबाईंनी पुन्हा कधी मळ्यात पाऊल टाकलं नाही, आणि त्या गेल्या तेव्हा खांदा द्यायला आलेल्यांतही कुजबुज होतीच.

"सुप्रिया," कुशाबाईंनी भाचीला हाक मारली, "तू सांग. तू शिकलीयास."

सुप्रिया हिंदुरावांची मुलगी. बारामती एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये साचे तपासायची. तिनं बापाकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"आत्या, मी मागच्याच महिन्यात बघितलंय. ही सायकलच्या पंपाची नळी आहे. आतून जोडाची रेघ दिसते. कापून, चेपून एका बाजूला धार लावलीय. पन्नास-साठ वर्षांच्या आतलीच. पप्पांना मी सांगितलं होतं."

"मग?"

"म्हणाले, गप बस."

"शाबास!" कुशाबाई हसल्या, पण ते हसू ऐकून शेवटचा हार ओवणारी शाळेतली मुलगी सुई टोचून घेऊन बसली. "तीनशे वर्षामागं सायकलीला हवा भरत हुते आपलं पूर्वज. घोडी पंक्चर व्हत असत्याल."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. हिंदुरावांचं तोंड लाल झालं. ते बहिणीला खिडकीपाशी घेऊन गेले.

"हे बघ, पाटी बदलतो. 'पानमळ्याची नखी' असं लिहितो. खाली आबांचं नाव घालू."

"आबांचं? ज्येच्या हाताला अंगठाच नव्हता, त्येची नखी?"

"अक्का, समजून घे. आईचं नाव घातलं की पुन्हा तेच निघंल. मळा बाटवला, अमकं न् ढमकं. पोरीचं लगीन व्हायचंय अजून."

"तुझं पोट ज्या पानांवर भरलं, ती कुणी खुडली रं? झोळीत रडायचास तवा मी पाटी टाकून पळत यायची. त्या बाईनं बोलणी खाल्ली, आन् तू तिला मखमलीत पुरतोयस."

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. हिंदुराव फेटा सावरत बाहेर निघाले, जाताजाता म्हणाले, "आज तमाशा करू नको, तुझ्या पाया पडतो."

कुशाबाईंनी हात पुढं केला. "सुप्रिया, किल्ली."

"आत्या, पप्पा..."

"किल्ली दे बाय. का उचलून आपटू ही पेटी?"

सुप्रियानं बापानं सांभाळायला दिलेली किल्ली काढून दिली. कुलूप उघडून कुशाबाईंनी नखी उचलली. अंगठ्यात घालून पाहिली, पण सांधे सुजलेले, पेरापुढं जाईना. त्यांनी ती मुठीत आवळली. पाव्हणे पुढच्या दारानं आत येत होते, त्या मागच्या दारानं बाहेर पडल्या. पाटी तशीच ठेवली. ज्याला लाज वाटते त्यानं वाचावी.

स्टँडवर निरवांगीची गाडी लागलेली नव्हती. बाकावर पाच-सहा बायका, भाजीच्या पाट्या, एक कंडक्टर. कुशाबाई बाकाच्या कडेला टेकल्या. शेजारच्या म्हातारीनं मुठीकडं बघत विचारलं, "काय गं बाय, दागिना हाय का काय?"

कुशाबाई उठून उभ्या राहिल्या. आवाज असा लावला, की पलीकडच्या चहाच्या टपरीवरची माणसंही वळून बघायला लागली.

"माझ्या आईची नखी हाय. बनाबाई तिचं नाव, ह्याच गावची. अडचणीच्या चारी दिवसांत ती मळ्यात पानं खुडायची. आन् मळा गेला तो कालव्याच्या पाण्यानं. तिच्यामुळं न्हाय. ऐकलं का समद्यांनी? तिच्यामुळं न्हाय!"