यसवतीच्या डाळीतलं मीठ

आमच्या शेजारची यसवती बसल्या जागी झोपते. खोटं नाही सांगत. विहारात प्रवचन चालू असताना झोपते, नारळ खवता खवता झोपते. एकदा तर माझ्याशी बोलताना स्वतःच्याच वाक्याच्या मधोमध झोपली! मी म्हटलं, "यसे, मी एवढी रटाळ आहे का गं?" तर डोळे न उघडता म्हणते कशी, "नाही अक्का, तुझा आवाज पंख्यासारखा आहे. सुरू असला की बरं वाटतं." घ्या!

पण तिला बोलायचं तरी कुठल्या तोंडानं? पहाटे उठून रबराच्या मळ्यात झाडांना चिरा द्यायच्या, चीक गोळा करायचा, धावत घरी येऊन सासूला पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं. कित्येक वर्षं हेच. नवरा जिनदास माणूस चांगला, पण कुठल्याही कामात त्याला मदतीला घेतलं की काम दुप्पट होतं.

सासू, पोडिमेनिके. अंथरुणाला खिळलेली, पण आवाज ठणठणीत. डॉक्टरांनी तिचं मीठ बंद केलं होतं, आणि हिचा जीव सगळा परिप्पूत. परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसुरीची डाळ, आम्ही रोजच करतो, त्यात काय एवढं! पण मिठाशिवाय? रोज दुपारी कुंपणापलीकडून ऐकू यायचं, "ही डाळ आहे की म्हशीचं आंबोण? मला मारायला टपलीयेस!"

"मारायचं असतं तर मीठच घातलं असतं, आई," यसवती शांतपणे म्हणायची. "आ करा."

जिनदास आपल्या ताटात वरून मीठ घ्यायचा. ही नाही घ्यायची. मी एकदा झापलं, "तुला कुठे आजार आहे? घे की चिमूटभर." तर म्हणाली, "म्हातारी माझ्या ताटाकडेच बघत असते अक्का. तिच्यासमोर कसं घेऊ?" आणि पुढे पुढे म्हातारी झोपलेली असली तरी घेईना. दमलेल्या माणसाला सवय बदलायचेही कष्ट होतात.

तर पोडिमेनिके गेली. तिला जाऊन तीन महिने झाले, त्या दिवशीचं दान आलं. भंतेंना जेवण घालायचं आणि त्याचं पुण्य तिच्या नावानं सोडायचं. आळीतल्या आम्ही बायका आदल्या दिवसापासून मागच्या अंगणात चुली मांडून बसलो. कुणी फणसाची भाजी घेतली, कुणी भोपळा, मी वांगी. पण डाळीला यसवती कुणाला हात लावू देईना.

"जिवंतपणी तिला अळणी घातली," ती मला म्हणाली. "आता तिला कसलं पथ्य? ही एवढी एक तरी मिठाची जाऊ दे तिच्याकडे."

सकाळीच तिची नणंद मल्लिका शहरातून आली. पांढरीशुभ्र साडी, इस्त्री अशी की कुठे घडी मोडेल म्हणून बाई बसेना. चुलीजवळ येऊन म्हणाली, "वहिनी, डाळ तुम्हीच करताय? बघा हं. आईनं शेवटी शेवटी फोनवर दुसरं काही सांगितलंच नाही. मीठ, मीठ आणि मीठ."

"तुम्ही आणायचं होतं की पुडीतून," मी म्हटलं. यसवतीनं मला कोपर मारलं.

डाळ मात्र तिनं देखणी केली. मडक्यात मसूर, कांदा, हिरव्या मिरच्या, हळद, कढीपत्ता, सगळं नारळाच्या पातळ दुधात शिजवलं. मग घट्ट दूध घालून मंद आचेवर ढवळत उभी राहिली. मीठ आता घालायचं. आम्ही मीठ पाण्यात विरघळवून करवंटीत ठेवतो, त्यातलं ओततो. करवंटी हातात घेऊन ती उभी होती, आणि तेवढ्यात विहाराच्या रस्त्यावरून ढोल ऐकू आला. भंते निघाले!

मी वळून बघते तर यसवतीचे डोळे मिटलेले. एका हातात डाव, दुसऱ्यात करवंटी, आणि बाई उभ्या उभ्या झोपलेली.

"यसे!"

ती दचकली. करवंटीत बघितलं, मडक्यात बघितलं. तोंड पांढरं पडलं.

"अक्का, मी घातलं का गं?"

आता मला काय माहीत! करवंटी अर्धी होती, पण सकाळपासून सगळ्याजणी त्यातूनच ओतत होत्या. आणि चाखायची तर सोय नाही. दानाचं अन्न आधी बुद्धांपुढे, मग भंतेंना. त्याआधी जिभेला लागलं तर दान कसलं? एकीनं वाकून वास घेतला. मिठाला वास असतो होय?

"घालून टाका थोडं," मल्लिका म्हणाली. "का तिकडेही आईला अळणीच पाठवणार?"

"आधीच घातलं असेल तर?" यसवतीचा आवाज अगदी बारीक झाला. "खारट डाळ भंतेंच्या पानात? मग त्यांच्या घशाखाली उतरायची नाही, आणि तिला काहीच पोचायचं नाही."

ढोल फाटकाशी आला. तिनं करवंटी खाली ठेवली. "असू दे. आहे तशी जाऊ दे," म्हणाली आणि वरून मोहरी-लाल मिरचीची फोडणी ओतली.

भंते आले, पाय धुतले गेले, पानं वाढली. मी खांबाआड उभी राहून मोठ्या भंतेंचं तोंड बघत होते. त्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ! इतक्या वर्षांची साधना ती, डाळीनं थोडीच हलणार? फक्त शेजारच्या भंतेंनी खारवलेल्या माशाचा तुकडा दुसऱ्यांदा मागितला, आणि मी यसवतीकडे बघायचंच टाळलं.

मग यसवती, जिनदास आणि मल्लिका, तिघांनी मिळून झारीतलं पाणी वाटीत ओतलं. वाटी भरून पाणी बशीत सांडलं, पुण्य पोडिमेनिकेकडे गेलं. आता परत थोडंच बोलावता येतं?

भंते गेल्यावर आम्ही बायका मागे जेवायला बसलो. यसवतीनं सगळ्यात आधी डाळ घेतली, भातात कालवली, घास घेतला. आम्ही हात थांबवून बघत राहिलो. तिनं दुसरा घास घेतला. मग माझ्याकडे बघितलं.

"मला कळतच नाहीये, अक्का. आहे का मीठ?"

मी चाखलं. डाळ दुधासारखी गोड होती. मल्लिकानंही चाखलं. मी पदराआडून तिच्या मांडीला चिमटा काढला, म्हटलं, ती 'आहे' म्हणेल. पण म्हातारीचीच मुलगी ती.

"नाहीये," म्हणाली.

यसवती बसल्या जागी जराशी खचली. आणि मग, काय सांगू, तिच्या खांद्यांना हसू फुटलं. "ओरडत असेल गं आता तिकडे," म्हणाली. "सगळ्यांना सांगत असेल, बघा माझी सून, इथवर अळणीच पाठवते." हसता हसता डोळ्यांतून पाणी ओघळलं. पुसायला हात उचलेना, इतकी दमली होती.

मल्लिका उठली. ती इस्त्रीची साडी चुलीच्या राखेत लोळवत करवंटी घेऊन आली आणि यसवतीच्या ताटात मिठाचं पाणी शिंपडलं. खाली बसली आणि स्वतःच्या हातानं भात-डाळ कालवून घास तिच्या तोंडाशी नेला.

"आ करा, वहिनी."

यसवतीनं खाल्लं. कडू औषध घेतल्यासारखं तोंड वाकडं केलं.

"खारट लागतंय गं."

"लागू दे," मल्लिका म्हणाली आणि दुसरा घास कालवू लागली.