नियम सुभेदारांचा, दोरा सलीमभाईंचा

आमच्या चौघांत कुणी खोटं बोलत नाही, तरी आमच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. रविवारी आम्ही नदीवर जातो. मासा येतोच असं नाही, किस्सा मात्र हमखास येतो. बरं, मासा परत पाण्यात सोडता येतो, किस्सा घरी घेऊन यावा लागतो. असं करत करत इतके साठलेत की आता थोडे तुमच्या गळ्यात घालतो.

आधी मंडळी सांगतो. सुभेदार आमचे गुरू. फौजेत असताना हिमाचलमधल्या ओढ्यांवर एका साहेबाकडून ते फ्लाय फिशिंग शिकले. गळावर पीस, लोकर, दोरा गुंडाळून खोटा किडा करायचा, त्याला म्हणायचं फ्लाय. मग काठीनं लांब दोरी हवेत मागंपुढं खेळवत तो किडा अलगद पाण्यावर टाकायचा. सलीमभाई सांगलीतले लेडीज टेलर. ते फ्लाय फर्स्टक्लास बांधतात, पण पाण्याला भितात, त्यामुळे काठीला हात लावत नाहीत. डॉक्टर दातांचे. आणि मी हळदीचा व्यापारी, म्हणून मी कुठल्याही रंगाची फ्लाय बांधायला घेतली तरी ती पिवळीच होते.

सुभेदारांचे नियम दोन. एक, धरलेला मासा सोडून द्यायचा. दोन, स्वतःच्या हातानं बांधलेल्या फ्लायवर आला तरच तो आपला मासा. या हिशेबानं डॉक्टरांचे आणि माझे बरेच मासे झाले. सुभेदारांचा एकही नाही. हिमाचलात धरले ते सगळे साहेबाच्या फ्लायवर. आता वय पंच्याहत्तर, हात थरथरतो, शेवटची गाठ आवळत नाही. तीन वेळा फेकली की फ्लाय उसवते आणि दोरीला नुसता गळ राहतो. "एक महाशीर मासा. माझ्या हातच्या फ्लायवर. मग काठी कायमची ठेवतो," हे आम्ही दर रविवारी ऐकतो.

*

फ्लायला कोंबड्याच्या मानेवरची लांब पिसं लागतात. ती शोधत मी पार दहिवडीच्या बाजारात गेलो. एकेका कोंबड्याची मान फुलवून बघत होतो. एक तांबूस पक्षी पसंत पडला. मालकाला म्हटलं, कोंबडा तुमचा तुम्हाला राहू दे, मला फक्त मानेवरची थोडी पिसं द्या, पैसे देतो.

मालकानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पावणं, कोंबड्याची हजामत करायला आलायसा व्हय?"

शेवटी अख्खा कोंबडा घ्यावा लागला. येताना एसटीत तो माझ्या मांडीवर होता, आणि दहिवडीपासून सांगलीपर्यंत कंडक्टर माझ्याशी न बोलता त्याच्याशीच बोलत होता.

*

डॉक्टर दोन पेशंटच्या मधल्या वेळात क्लिनिकमध्येच फ्लाय बांधतात. दिवा झकास, चिमटे झकास, डोळ्याला भिंग आधीच लावलेलं. एकदा दाढ काढायला आलेले एक पैलवान खुर्चीत बसले. शेजारच्या ट्रेमध्ये त्यांना चिमट्यात धरलेला गळ दिसला. गळाला कोंबड्याचं पीस आणि लाल लोकर.

पैलवान उठून उभे राहिले. "डॉक्टर, माजं दुखायचं थांबलं."

त्यांनी ती दाढ पुढं मिरजेत जाऊन काढून घेतली म्हणे.

*

गाठ सुटू नये म्हणून वरून नेलपॉलिशचा थेंब लावतात. हे कळल्यावर सुभेदार तडक दुकानात गेले. मुलीनं विचारलं, आजींना कुठली शेड दाखवू? सुभेदार ताठ उभे राहून म्हणाले, "आजीला नगं. माझ्यासाठी पायजे. बिनरंगाची."

ती पोरगीही खमकी. "आजोबा, मग आधी नखं फाईल करून घ्या, नायतर शोभत नाही."

एवढं करून ते पॉलिश गाठीपेक्षा बोटांनाच जास्त लागलं. आठवडाभर सुभेदारांची नखं सांगलीत सगळ्यात चकचकीत होती आणि फ्लाय तिसऱ्या फेकीला उसवतच होती.

*

कृष्णेच्या घाटावर आम्ही सकाळी प्रॅक्टिस करतो. एकदा बघायला गर्दी जमली. एका म्हाताऱ्या गृहस्थांना डॉक्टर समजावून सांगत होते की आम्ही मासा धरतो आणि परत सोडतो. गृहस्थांना ते पटेना. सोडायचाच तर धरायचा कशाला, एवढंच ते विचारत राहिले.

डॉक्टरांनी दाखवायला म्हणून दोरी मागं घेतली, पुढं फेकली, आणि गृहस्थांची टोपी गळाला लागून थेट नदीत. सगळा घाट हसायला लागला. गृहस्थ मात्र शांत. "सोडून देताय न्हवं? मग हितं सोडा," म्हणत त्यांनी आपल्या टकलावर बोट ठेवलं.

*

आता शेवटचा. दिवाळीनंतर कोयनेवर जायचं ठरलं होतं. सुभेदारांनी महिनाभर खपून चार फ्लाय बांधल्या होत्या. खरं सांगतो, भिजलेल्या झुरळालाही त्या फ्लायकडं बघून स्वतःबद्दल बरं वाटलं असतं. पण ते डबी उघडून ज्या कौतुकानं दाखवायचे, ते बघून आम्ही नुसतं "वा, वा" म्हणायचो. शेवटी आम्ही तिघांनी कट केला. हुबेहूब तशाच चार फ्लाय सलीमभाईंनी बांधायच्या, फक्त गाठ पक्की, आणि गुपचूप डबीत बदलायच्या.

हे काम सोपं नव्हतं. सलीमभाईंचा हात बिघडायलाच तयार होईना. पहिल्या तीन फार देखण्या झाल्या म्हणून बाद केल्या. "चाळीस वर्षं सरळ शिवलं, आता वाकडं शिकतोय," म्हणत बिचाऱ्यांनी दोन रविवार घालवले.

पाटणला चहाला थांबलो. डॉक्टरांनी सुभेदारांना फौजेतल्या गोष्टीत गुंतवलं आणि मी डबीतल्या चारही फ्लाय बदलल्या.

नदीवर सुभेदार गुडघाभर पाण्यात उतरले. तीन वेळा फेकली, पाच वेळा फेकली, फ्लाय शाबूत. आम्ही काठावर एकमेकांना कोपरानं ढोसत होतो. बऱ्याच वेळानं दोरी एकदम ताणली आणि काठी वाकली. म्हातारा असा भिडला की हात थरथरतोय हे आम्हीच विसरलो. शेवटी हातभर लांबीचा सोनेरी महाशीर त्यांच्या पायाशी आला. मी आणि डॉक्टर अक्षरशः नाचलो.

सुभेदारांनी मासा पाण्यातच धरून त्याच्या ओठातली फ्लाय सोडवली. तळहातावर घेतली. नखानं दोरा ओढून बघितला. दोरा हलला नाही. मग त्यांनी सलीमभाईंना हाक मारली.

पाण्याला भिणारे सलीमभाई पँटसकट आत गेले. सुभेदारांनी तो मासा त्यांच्या दोन्ही हातांत दिला.

"सोडा. तुमचा हाय."

सलीमभाईंनी मासा परत त्यांच्यापुढं केला. "साहेब, काठी तुमची होती. धरला तुम्ही."

"माझी फ्लाय असती तर तिसऱ्यालाच उसवली असती, सलीमभाई."

सलीमभाईंनी मासा सोडला. सुभेदार काठावर येऊन दगडावर बसले, चष्मा पुसला, माझ्याकडून थोडा दोरा मागून घेतला आणि पाचवी फ्लाय बांधायला लागले.