साधी गाठ

ओट्यावर बसून पायाच्या सुजेत अंगठा रुतवायचा, पडलेला खड्डा भरून येईपर्यंत बघत राहायचं आणि म्हणायचं, "साधंच हाय." हिंजवडीतल्या माझ्या घरमालकीणबाईंचा हा रोजचा उद्योग. मी लातूरहून नोकरीला आलेली, त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. त्यांना मावशी म्हणायची.

मावशींना सगळंच साधं. नवरा गेला ते साधं, जमीन विकली ते साधं. त्याच जमिनीवरच्या टॉवरात मुलगा राहायला गेला, तेही साधंच. त्याच्या खिडकीतला दिवा ओट्यावरून दिसायचा. तो लागला की मावशी आत जाऊन एकटीपुरती भाकरी थापायच्या. एकाच भाकरीची थापथाप किती लवकर संपते, हे तुम्हीही कुठल्यातरी शेजारघरात ऐकलं असेल.

एकदा पाणी भरताना त्या चक्कर येऊन पडल्या. आधी रक्ताची गुठळी समजून औषधं झाली. मग पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, गर्भाशयातली जुनी गाठ शिरेत शिरलीय आणि आतल्या आत वाढत हृदयापर्यंत पोचलीय. असं फार क्वचित होतं म्हणे, आणि ऑपरेशनशिवाय इलाज नाही.

"पिशवी तर कवाच काढलीया. घरच न्हाई, तर गाठ कुटनं आली?" मावशी म्हणाल्या.

पिशवी काढण्याआधीच ती शिरेत गेली असणार, असं डॉक्टरांनी समजावलं. आणि धीर द्यायला म्हणून पुढे म्हणाले, कॅन्सर नाही, साधी गाठ आहे.

तिथंच घोळ झाला. साधी म्हटल्यावर मावशी चपला घालून उठल्याच. साध्या गाठीपायी छाती-पोट कोण उघडू देतं? पुढे कितीतरी दिवस त्या कुणाचंच ऐकेनात. मुलगा फोनवर चिडायचा, मी रडकुंडीला यायची. ही बाई एक दिवस अशीच बसल्या जागी जाईल, याची मला खरंच भीती वाटायची. शेवटी हातापाया पडून पुन्हा नेलं.

या वेळी डॉक्टर म्हणाले, "मावशी, गाठ साधी आहे, पण जागा वाईट आहे. रक्ताची वाट अडवून बसलीय."

हिंजवडीच्या बाईला गाठीतलं कळत नसेल, जागेतलं कळतं.

"मग उठवा तिला तितनं," मावशी म्हणाल्या.

ऑपरेशन पार पडलं. मी भेटायला गेले तेव्हा मुलगा नुकताच ऑफिसला गेला होता. काढलेल्या गाठीचा फोटो डॉक्टरांनी दाखवला, दोडक्याच्या वेलासारखी लांबलचक. कुठपर्यंत आली होती, मावशींनी विचारलं. मी म्हटलं, पार काळजात.

त्यांनी मुलगा गेला त्या दाराकडे बघितलं.

"येवड्या आतपातूर कुनीच आलं न्हवतं, पोरी."

आता त्या साधंच हाय म्हणतील म्हणून मी थांबले. त्या म्हणाल्या नाहीत.